भारीतलं ऑईल

आळेफाट्याजवळच्या एका गॅरेजात मी माझ्या गाडीच्या क्लच केबलची वाट बघत बसलो होतो. समोर एक पिकअप उभी होती. बारा-तेरा वर्षांची, हौद्याच्या फळ्यांवर भाजीच्या देठांचे हिरवट डाग. ही गाडी रात्री भाजी भरून माळशेज उतरते, कल्याणवरून वाशी मार्केट गाठते आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत येते. तिचा मालक माझ्याशेजारीच बाकावर टेकला होता.

"तिसऱ्यातनं दुसरा पडतच नाही," तो म्हणाला. "गाडी थंड असली की पडतो. घाटात गरम झाली की नुसती करकर. दोनदा ब्रेकवर उतरलोय."

भरली गाडी माळशेजात निव्वळ ब्रेकवर उतरवणं म्हणजे काय, हे ज्यानं ती उतरवलीय त्याला सांगायला नको.

मिस्त्रीनं गाडीखालूनच विचारलं, "भाऊ, गिअरबॉक्सचं ऑईल कुणी बदललं?"

"भाच्यानं. दसऱ्याला. भारीतलं टाकलंय हो! तुम्ही जीएल-४ टाकत होता, त्यानं जीएल-५ आणलं."

मिस्त्रीनं बोल्ट सैल केला, बोटावर थेंब घेतला, नाकाशी नेला. "हे क्राऊनचं आहे," एवढंच म्हणाला आणि ऑईल घमेल्यात सोडलं.

त्या भाच्याची मला दयाच आली. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑईलचे प्रकार. चारपेक्षा पाच मोठे, म्हणजे पाच चांगलं, हा हिशेब कुणीही केला असता. ऑईल खरोखरच दर्जेदार होतं, महाग होतं, डबाही सीलबंद होता. चूक एवढीच की ते जरा जास्तच सुळसुळीत होतं. गिअरबॉक्समध्ये एक जागा अशी असते की तिथं ऑईलनं सटकू द्यायचं नसतं.

ती जागा बघण्याआधी चालत्या एसटीत चढणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो थेट उडी मारत नाही. दारातली दांडी धरतो, चार पावलं गाडीबरोबर पळतो आणि वेग जुळला की पायरीवर पाय ठेवतो. गिअर पडतो तोही असाच. आत गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात आणि शाफ्टवर मोकळी फिरत असतात. दांडा हलवला की एक स्लीव्ह सरकते आणि त्यांतल्या एका चाकाला शाफ्टशी जखडते. पण त्या क्षणी चाक एका वेगानं फिरत असतं, शाफ्ट दुसऱ्या. दात सरळ दातांत घातले तर करकरणारच. जुने एसटी ड्रायव्हर डबल क्लच मारायचे ते हे वेग पायानं जुळवायला. आता ते काम पितळेची एक कडी करते. तिला सिंक्रो रिंग म्हणतात. आतून ती शंकूसारखी निमुळती असते. चाकालाही तसाच पोलादी शंकू असतो. स्लीव्ह रिंगला ढकलते, रिंग त्या शंकूवर घट्ट बसते आणि घर्षणानं चाकाचा वेग शाफ्टच्या वेगाला आणून भिडवते. वेग जुळेपर्यंत रिंगचे स्वतःचे दात स्लीव्हची वाट अडवून धरतात. हे सगळं सेकंदाच्या काही अंशात उरकतं, दिवसातून शेकडो वेळा.

म्हणजे रिंग ही एसटीची दांडी. आता दांडी धरणाऱ्या हाताला तेल चोपडलेलं असेल तर?

अडचण अशी की रिंग ऑईलातच बुडालेली असते, कारण बाकीच्या दातांना आणि बेअरिंगना ऑईल हवंच. म्हणून तिच्या आतल्या बाजूला बारीक, धारदार खाचा असतात. त्या ऑईलचा थर कापून बाजूला सारतात, आणि पितळ पोलादाला जवळजवळ थेट भिडतं. 'जवळजवळ' म्हणजे किती, हे ऑईलात मिसळलेली रसायनं ठरवतात. सगळी गोम तिथं आहे.

क्राऊन म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांची जोडी. तिचा स्वभाव वेगळा. हिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, जरा खाली सरकवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९२६मध्ये ती मोटारीत आणली. फायदा असा की गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला जोर पोचवणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा तळही खाली घेता येतो. पण दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत जातात. असल्या दाबात साधं ऑईल पिळून बाहेर पडतं आणि पोलाद पोलादाला चिकटून फाटू लागतं.

त्यावर उपाय गंधकाचा. जीएल-५ ऑईलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं भरपूर असतात. दोन दातांची टोकं जिथं घासतात तिथं क्षणभर आग पेटल्यासारखं तापमान चढतं. तेवढ्या तापात गंधक लोखंडाशी संयोग पावतो आणि लोह सल्फाइडचा अगदी पातळ थर तयार होतो. हा थर पोलादापेक्षा मऊ. घासताना तो सोलला जातो, दात वाचतो, आणि लगेच नवा थर बसतो. गिअर ऑईलचा डबा उघडल्यावर लसणासारखा जो उग्र दर्प येतो तो याच गंधकाचा. मिस्त्रीच्या नाकानं तोच ओळखला. जीएल-४मध्येही ही संयुगं असतात, पण साधारण निम्म्यानं कमी. तेव्हा चार आणि पाच या परीक्षेतल्या श्रेण्या नव्हेत. त्या दोन वेगळ्या कामांच्या नेमणुका आहेत.

क्राऊनसाठी बनवलेलं ऑईल गिअरबॉक्समध्ये आलं की दोन गोष्टी घडतात. एक लगेच, दुसरी सावकाश. लगेच घडते ती म्हणजे रिंगची पकड सुटते. ही संयुगं शंकूवर असा थर धरतात की रिंग घसरत राहते, वेग जुळायला उशीर होतो आणि स्लीव्ह त्याआधीच दातांवर जाऊन आपटते. सावकाश घडणारी गोष्ट पितळेची आहे. पितळेत निम्म्याहून जास्त तांबं असतं, आणि तांब्याचं गंधकाशी फार सख्य. चांदीचे पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तांब्याचंही तसंच होतं. ऑईल किती तांबं खातं हे बघायची चाचणीही अगदी घरगुती वाटावी अशी आहे. घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी ऑईलात बुडवायची, १२१ अंश सेल्सिअसला तीन तास ठेवायची, मग बाहेर काढून तिचा रंग ठरावीक नमुन्यांच्या तक्त्याशी ताडायचा. फिक्या नारिंगीपासून काळ्याकुट्टापर्यंत पायऱ्या आहेत. हल्ली बरीच जीएल-५ ऑइलं ही चाचणी छान पार करतात, कारण त्यांतला गंधक बांधून ठेवलेला असतो. त्यावर बोट ठेवून "आता चालतं" असं सांगणारे दुकानदार भेटतात. तांबं वाचलं म्हणून पकड परत येत नाही, हे ते सांगत नाहीत.

डब्यावरच्या दुसऱ्या आकड्याबद्दलही एक गैरसमज आहे. गॅरेजात 'नव्वद नंबर' म्हणतात ते गिअर ऑईल इंजिनाच्या चाळीस नंबरपेक्षा दुपटीनं दाट असेल असं वाटतं. तसं नाही. या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, चपलेचा नंबर आणि शर्टाचा नंबर असतो तशा. नव्वद नंबरचं गिअर ऑईल दाटपणाला इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच असतं.

मग ऑईल तर दसऱ्यापासून गाडीत होतं, भाऊ होळीच्या तोंडावर गॅरेजात आले, तोवर गाडी चालली कशी? आणि नव्या गाडीत हेच ऑईल पडलं असतं तर? बहुधा कितीतरी महिने कुणाला पत्ता लागला नसता. गाडीचं वय आड आलं ते इथं. नव्या रिंगच्या खाचा तीक्ष्ण असतात आणि रिंग व चाकाचे दात यांच्यात फट असते. रिंग झिजत जाते तशी ती शंकूवर खोल खोल बसते आणि फट कमी होत जाते. फट संपली की रिंग दातांच्या बाजूला टेकते. मग कितीही ढकला, शंकूवर दाबच येत नाही. या गाडीच्या रिंगा आधीच काठावर होत्या. योग्य ऑईल त्यांना सांभाळून घेत होतं. भारीतल्यानं ते सांभाळणं सोडलं. गरम झाल्यावर ऑईल पातळ होतं आणि रसायनं चपळ होतात, म्हणून त्रास घाटात.

अमेरिकेत याच चुकीचं रूप वेगळं आहे. तिथल्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा गिअर आपोआप पडतात, आणि गिअरबॉक्समध्ये वाहतं ते लाल रंगाचं, पाण्यासारखं पातळ ऑईल. आपल्याकडे ते अनेक गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये दिसतं. त्याचा लाल रंग नुसता घातलेला असतो, गळती झाली तर इंजिनाच्या ऑईलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. या गिअरबॉक्सच्या आत कागदासारखं अस्तर लावलेल्या क्लच प्लेटा असतात, त्याही ऑईलात बुडालेल्या. दाब आला की त्या एकमेकींना पकडतात. ही पकड कशी असावी यावरच दोन मोठ्या कंपन्यांचं जमलं नाही.

जनरल मोटर्सनं १९४९मध्ये या ऑईलचं पहिलं प्रमाण ठरवलं, टाइप ए. पुढे १९६७मध्ये त्यांनी डेक्सरॉन आणलं. त्यात अशी रसायनं होती की प्लेटांची घसरण थांबत आली की पकड हलकेच सैलावते. गिअर लोण्यासारखा पडतो. त्याच वर्षी फोर्डनं टाइप एफ ठरवलं, बरोबर उलटं. घसरण थांबत आली की पकड वाढते, प्लेटा खाडकन जखडतात. बसणाऱ्याला हलका झटका बसतो, पण घसरण कमी झाल्यानं प्लेटा तापत नाहीत. दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांचं आपापल्या जागी बरोबरच होतं. प्लेटांची संख्या, अस्तर, दाब हे सगळं त्यांनी आपापल्या ऑईलभोवती बेतलं होतं. टाइप एफवाल्या पिकअपमध्ये डेक्सरॉन ओतलं की प्लेटा घसरत राहतात, अस्तर करपतं आणि लाल ऑईल तपकिरी होऊन जळका वास येतो. उलट केलं तर दणके बसतात आणि गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. या थरथरीचं शास्त्र सारंगीच्या गजाचंच आहे. राळ लावलेला गज तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, म्हणून तार वाजते. घसरण मंदावताना पकड वाढत असेल तर प्लेटाही तशाच धर-सोड करतात. सारंगीत ते आपल्याला हवं असतं, एवढाच फरक.

फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये सी-६ नावाचा गिअरबॉक्स होता. १९७६च्या मॉडेलला टाइप एफ लागे. १९७७पासून त्याच नावाच्या गिअरबॉक्सला डेक्सरॉनच्या वळणाचं ऑईल लागू लागलं. बाहेरून दोघं जुळे भाऊ. आज असा ट्रक कुणाच्या हाती पडला आणि मधल्या मालकानं आतल्या प्लेटा बदलल्या असतील, तर वर्ष बघूनही भागत नाही.

डेक्सरॉनचा मऊपणा आला होता कुठून, हे तर ऐकण्यासारखं आहे. स्पर्म व्हेलच्या तेलातून! व्हेलचं हे तेल आपल्या खाद्यतेलांसारखं नसतं, रसायनाच्या भाषेत ते द्रवरूप मेण आहे. धातूला ते अलगद बिलगतं आणि गरम झालं तरी टिकतं. १९७०मध्ये स्पर्म व्हेल अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेला आणि मोटार उद्योगाची तारांबळ उडाली. व्हेलशिवाय बनवलेल्या पहिल्या नव्या डेक्सरॉननं रेडिएटरमधल्या ऑईल कूलरच्या डाखाचा धातूच खायला घेतला. तिथून पाणी ऑईलात शिरलं की कागदी अस्तर सुटून येई. १९७५च्या सुमारास सुधारित ऑईल आलं तेव्हा कुठे हे निस्तरलं. होहोबाच्या बियांचं तेल हेही असंच द्रवरूप मेण, म्हणून व्हेलला पर्याय शोधणाऱ्यांनी त्याच्यामागे धाव घेतली. ते झुडूप आता राजस्थानात लावतात. सगळ्या गाड्यांना चालतं असं लिहिलेला डबा दिसला की मला हा सगळा इतिहास आठवतो आणि मी डबा खाली ठेवतो.

चुकीचं ऑईल पडल्याचं लक्षात आलं तर आपोआप गिअरच्या गाडीत ते एका झटक्यात निघत नाही. तळाचं भांडं काढलं तरी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या ऑईलभरल्या डब्यात, बरंचसं अडकून राहतं. दर वेळी निम्मं निघतं असं धरलं, तर तिसऱ्या खेपेलाही आठवा हिस्सा जुनाच उरतो. आपल्या हातानं गिअर टाकायच्या गाड्यांचं सोपं आहे, गरम असताना बोल्ट काढला की जवळजवळ सगळं वाहून जातं. फक्त आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते बघावं. खालचा काढून ऑईल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथंच उभी. त्या दिवशी मिस्त्रीनं वरचाच आधी सैल केला होता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा गिअरबॉक्स उघडून वर्तमानपत्रावर मांडला होता. मिस्त्रीनं दुसऱ्या गिअरची रिंग माझ्या हातात दिली. बांगडीएवढी, काळपट तपकिरी. तो काळेपणा सगळा पाच महिन्यांचा नव्हे, पितळ वयानंही काळवंडतं. खरं नुकसान आतल्या बाजूला होतं. "नख फिरवा," तो म्हणाला. नख सरळ घसरत गेलं. मग त्यानं पुडीतली नवी रिंग दिली. पिवळीधमक, आणि खाचांवर नख कर्र-कर्र वाजलं, कंगव्यावर वाजतं तसं.

भाचाही आला होता, मान खाली घालून नवे क्रेट मोजत. मामा त्याला काही बोलले नाहीत. डब्यात लिटरभर जीएल-५ शिल्लक होतं. मिस्त्रीनं गाडीच्या मागे जाऊन क्राऊनचा बोल्ट काढला, करंगळी आत घालून पातळी बघितली आणि ते त्यात ओतलं.