आधी प्रत, मग गोष्ट : नागपूरच्या रहस्यकथा-संग्राहकांच्या अभिप्रायामागचा इतिहास

जुन्या रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा जमवणारे नागपूरकर नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलू लागले की सुरुवात प्रतीपासून होते. मुखपृष्ठ मूळचे आहे का, किंमत आण्यांत की पैशांत, शेवटचा फर्मा (एकत्र छापून शिवलेला पानांचा जुडगा) शाबूत आहे का, कुठल्या वाचनालयाचा शिक्का आहे, हे सगळे झाल्यावर गोष्ट कशी आहे ते येते. बाहेरच्या माणसाला हा क्रम उलटा वाटतो. पण या वाङ्मयाची छपाई, वाटप आणि हेळसांड ज्या रीतीने झाली, त्यातूनच तो घडला आहे.

मराठीत मनोरंजक कथेला नियमित वाचक मिळाला तो नियतकालिकांमुळे. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू झाले, आणि १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. त्याच सुमारास गो. ना. दातारशास्त्री आणि नाथमाधव यांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जाऊ लागल्या. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू ही त्यांच्या नायकांची नावे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी बसली. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ हे मासिक १९४६ मध्ये काढले आणि नंतर ‘नवल’ मासिकातून गूढ, साहस व विज्ञान यांना हक्काचे घर दिले. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ही त्यानंतरची फळी.

एवढे लिहिले गेले, वाचले गेले, पण परीक्षण जवळजवळ झालेच नाही. वाङ्मयीन मासिकांची पाने कविता, नवकथा आणि सामाजिक कादंबरी यांना मिळत. रहस्यकथा लाखो लोक वाचत असले तरी ती समीक्षेच्या दारात उभी राहिली नाही, आणि हा अन्याय आहे असे स्पष्ट म्हटले पाहिजे. याचा परिणाम आज संग्राहकाला भोगावा लागतो. एखाद्या छोट्या रहस्यकथेची पहिली आवृत्ती कधी निघाली, तिचे नाव पुढे बदलले का, ती कशावर आधारली होती, याची नोंद बहुतेक वेळा कुठल्याही सूचीत सापडत नाही. ती सापडते वाचकांच्या पत्रांत, वाचनालयाच्या अभिप्राय-वहीत, मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळींत. म्हणून एका संग्राहकाने दुसऱ्याला दिलेले मत ही या वाङ्मयाच्या दप्तरातली नोंदच ठरते, आणि ती नोंदीसारखी चोख असावी लागते.

नागपूरची गोष्ट यात थोडी वेगळी आहे. पुस्तके छापली जात मुंबई-पुण्याला, आणि नागपूर होते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राजधानीचे शहर. १९५० ते १९५६ या काळात ते मध्यप्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. हा सगळा प्रवास वाचनालयांच्या रबरी शिक्क्यांत उमटला आहे. ‘नागपूर, म. प्र.’ असा शिक्का असेल तर ती प्रत १९५६ च्या अखेरीपर्यंत इथे पोचलेली होती, असे साधारणपणे धरता येते. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर १९५० च्या आधी. मात्र शिक्का पुस्तकाच्या छपाईचे वर्ष सांगत नाही, ते वाचनालयात कधी होते एवढेच सांगतो. शिवाय जुना शिक्का नवा होईपर्यंत काही वर्षे तसाच वापरला जाई. शिक्क्यावरून आवृत्ती ठरवणे ही नवख्या संग्राहकाची नेहमीची चूक.

दुसरे वेगळेपण भाषेचे. नागपूर स्टेशनात हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात. स्टेशनवरच्या स्टॉलवर मराठीच्या शेजारी हिंदी जासूसी कादंबरी असायचीच. अलाहाबादहून १९५२ पासून निघालेली इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’, नंतर सुरेंद्र मोहन पाठक, वेद प्रकाश शर्मा. त्यामुळे इथल्या वाचकाच्या हातात दोन मापे असतात. हिंदी जासूसीचा वेग डोक्यात ठेवून वाचले की मराठी रहस्यकथा संथ वाटते. मराठी भयकथेचा घरगुतीपणा डोक्यात असला की हिंदी कादंबरी भडक वाटते. मत देताना आपण कुठल्या मापाने मोजतो आहोत ते सांगितले की निम्मे वाद मिटतात.

वर्ष न छापलेली प्रत ओळखायची कशी, हे कौशल्य या मंडळींनी बोलता बोलताच एकमेकांना शिकवले आहे. मुख्य आधार किंमत. रुपये-आणे असतील तर प्रत बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गळला. संक्रमणाच्या वर्षात काही प्रकाशकांनी दोन्ही किमती छापल्या किंवा जुन्या किमतीवर चिठ्ठी डकवली. चिठ्ठी उचकटू नये, उजेडासमोर धरून खालचा आकडा वाचावा. मग पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, त्यामुळे प्रकाशकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ असेल तर बहुधा त्याआधीचे आणि ‘४०० ००४’ असेल तर नक्की त्यानंतरचे. तिसरा आधार लेखनाचा. ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर हळूहळू गेले. पण जुने खिळे (छपाईचे अक्षरठसे) किंवा ब्लॉक तसेच ठेवून पुनर्मुद्रण होई, म्हणून एकट्या अनुस्वारावर विसंबू नये. तीनपैकी दोन आधार जुळले तरच वर्ष सांगावे, नाहीतर ‘अंदाजे’ असे लिहावे.

पाने मोजण्याची पद्धतही नीट समजून घ्यावी. पुस्तक साधारणपणे सोळा पृष्ठांच्या फर्म्यांत छापलेले असते. सोळा पृष्ठे म्हणजे आठ पाने, आणि ती जोडीने असतात. ९६ पृष्ठांची रहस्यकथा म्हणजे सहा फर्मे. शिवलेल्या फर्म्यात ३-४ पृष्ठांचे पान निसटले असेल तर त्याच कागदाचे दुसरे टोक १३-१४ आहे, तेही सैल असते किंवा गेलेले असते. १-२ ची जोडी १५-१६ शी, ५-६ ची ११-१२ शी, ७-८ ची ९-१० शी. पुस्तक वाचायला घेण्याआधी हे तपासले नाही तर फार विचित्र मते बनतात. ‘लेखकाने संशयिताला मध्येच सोडून दिले’ अशी तक्रार गळालेल्या पानामुळे झालेली असू शकते, आणि ती तोंडोतोंडी पसरली की लेखकाच्या माथी बसते. शेवटचा फर्मा नसलेल्या प्रतीवर मत देऊच नये.

वाचनालयाच्या प्रतींचे दुखणे वेगळे. पुनर्बांधणी करताना बाइंडर मूळ मुखपृष्ठ काढून पुठ्ठा आणि कापड चढवत, कडा कापत. त्यात रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांची चित्रे गेली. पिना मारलेल्या प्रतीत पावसाळ्यात पिना गंजतात आणि भोवतीचा कागद तपकिरी होऊन तुटतो. नागपुरात यावर उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, बाहेरची हवा कोरडी ठक्क, आणि खोलीत कूलर. कूलरच्या झोतासमोरच्या कपाटात पुस्तक रात्री ओलावा घेते आणि दुपारी वीज गेली की वाळते. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने पाठीचा सरस तडकतो. कपाट झोताच्या रेषेतून हलवणे आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवणे, एवढ्याने बराच फरक पडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. पातळ कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरे. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत, पण त्याने आम्लता वाढते आणि कागद लवकर मरतो, तेव्हा ती सवय सोडलेली बरी.

आता गोष्टीबद्दल बोलण्याचा भाग. ‘शेवट फोडायचा नाही’ हे सगळेच म्हणतात, पण कुठपर्यंत सांगायचे याची मर्यादा ठरलेली हवी. पहिला पाव भाग ही चांगली हद्द: १६० पृष्ठांच्या कादंबरीत चाळिसाव्या पृष्ठापर्यंत जे घडते तेवढेच उघड सांगावे. त्यापुढचे वेगळ्या कागदावर, वाचून झालेल्यांसाठी. प्रकरणांची नावे उद्धृत करू नयेत, कारण जुन्या रहस्यकथांत ‘खरा वारस’ अशा थाटाची नावे सर्रास असत. मलपृष्ठावरचा मजकूरही अनेकदा उत्कर्षबिंदूच सांगून टाकतो, आणि मुखपृष्ठाचे चित्र तर कधीकधी खुन्याचेच असते. प्रत दाखवताना हे आधी सांगावे.

सगळ्यात नाजूक गोष्ट आधारित कथांची. मराठीत परकीय कथेवरून रचना करण्याची परंपरा दातारशास्त्र्यांच्या काळापासून आहे. त्यांच्या काही कादंबऱ्यांमागे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याचे ग्रंथ होते. धारपांच्या ‘लुचाई’चे स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’शी असलेले नाते आता सर्वांना ठाऊक आहे. पण कमी परिचित पुस्तकाबाबत नुसते मूळ पुस्तकाचे नाव घेतले तरी ज्याने ते वाचले आहे त्याला शेवट कळतो. म्हणून मूळ आधाराचा उल्लेख दुसऱ्या कागदावरच करावा. आणि ‘चोरी’ हा शब्द तिथेही जपून वापरावा. नावे, गाव, घराची रचना, देवघर, नातेसंबंध हे सगळे नव्याने घडवावे लागते, आणि धारपांचे बळ नेमके तिथे आहे: त्यांच्या घरातली भीती मराठी वाड्यातली वाटते. काय घेतले आणि काय घडवले, हे दोन्ही लिहिले तरच मत पूर्ण होते.

प्रत्येक प्रकाराला त्याचेच माप लावावे. खुनी शोधण्याच्या कथेसाठी इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा नियम मांडले. वाचकाला सगळे धागे आधी मिळाले पाहिजेत, हा त्यांचा गाभा. पण अर्नाळकरांचा झुंजार या नियमांनी मोजणे चूक आहे. ती साहसकथा आहे, तिथे प्रश्न ‘कोणी केले’ हा नसून ‘आता सुटणार कसा’ हा असतो. भयकथेत पहिली अस्वस्थता कितव्या पृष्ठावर येते आणि भुताचे दर्शन किती लांबवले आहे ते पाहावे. विज्ञानकथेत ती लिहिली गेली त्या वर्षाचे विज्ञान धरावे, आजचे नव्हे.

विज्ञानकथेच्या इतिहासातली एक घटना या संदर्भात फार उपयोगी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केलेली होती. परीक्षकांनी नाव न ओळखता कथेला बक्षीस दिले. संग्राहकांनाही हा प्रयोग करता येतो: मुखपृष्ठाला कागदाचे वेष्टन घालून, शीर्षकपृष्ठ झाकून प्रत दुसऱ्याला द्यायची आणि लेखकाचे नाव सांगण्याआधी मत घ्यायचे. प्रसिद्ध नावांच्या दुय्यम कथा आणि विसरलेल्या नावांच्या उत्तम कथा अशाच वेगळ्या होतात.

पुस्तक न देता त्याची छायाचित्रे द्यायची तर मुखपृष्ठ, शीर्षकपृष्ठ, किमतीचे पृष्ठ आणि पहिले पान पुरेसे आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांवर २०५६ च्या अखेरीपर्यंत हक्क आहे. धारप २००८ मध्ये, तेव्हा २०६८ पर्यंत. नाथमाधव (१९२८) आणि दातारशास्त्री (१९४१) यांचे लेखन मात्र आता मोकळे आहे, ते पूर्ण स्कॅन करून वाटता येते. तसे करताना जुनी प्रतच वापरावी. नव्या आवृत्तीत कुठे काटछाट झाली आहे का, हे दोन्ही प्रती समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.