साठ की आठ? कानात तेल घालण्यापूर्वी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रामबाण उपाय येऊन पडला. लसणाच्या दोन पाकळ्या तिळाच्या तेलात कढवा, कोमट तेलाचे तीन थेंब कानात घाला, महिन्याभरात 'म्हातारपणाचा बहिरेपणा' गायब. खाली सात जणांनी हात जोडले होते. त्यांतली एक माझी मावशी, वय ७१. मंडईत भाजीवाला 'साठ रुपये' म्हणाला, तेव्हा तिनं दहाची नोट देऊन दोन रुपये परत मागितले होते. "मी काही बहिरी नाही. ऐकू येतं रे, शब्द कळत नाहीत," असं तिचं म्हणणं.

तिच्या तक्रारीचं निदान या एका वाक्यात आहे. 'साठ'मधला 'आ' खालच्या पट्टीतला आणि जोरकस. 'स' मात्र क्षीण असतो आणि त्याची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर असते. वय वाढतं तसे आधी हे वरचे स्वर जातात. 'स' गेला की साठाचे आठ होतात.

तेल कुठवर जातं? कानाच्या पडद्यापर्यंत. पलीकडे हवेची पोकळी, तीन इवलीशी हाडं आणि मग कवटीच्या अतिशय कठीण हाडात दडलेली गोगलगायीच्या शंखासारखी कॉक्लिया. बिघाड तिथं आहे. पडदा फाटका असेल तर तेल आत शिरेल खरं, पण सोबत जंतुसंसर्गही नेईल. या नुस्ख्यात सत्याचा कण एवढाच की तेलानं घट्ट मळ मऊ होतो. ज्याचा कान नुसता मळानं बंद होता त्याला खरंच फरक पडतो, आणि तोच पुढे सगळ्यांना निरोप धाडतो.

आता माझ्या आवडीच्या जागी येतो. कॉक्लियाचे अडीच वेढे उलगडले तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरतात. एवढ्या लांबीवर सगळे स्वर ओळीनं मांडलेले असतात, पेटीच्या पट्ट्यांसारखे: दाराशी तीव्र, आत टोकाशी खर्ज. या पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात, आतल्या सुमारे ३५०० आणि बाहेरच्या सुमारे १२,०००. प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म तुरे, आणि शेजारच्या तुऱ्यांना बांधणारे प्रथिनांचे धागे. लाट आली की तुरे कलतात, धागा ताणला जातो, वाट उघडते आणि पोटॅशियमचे आयन आत घुसतात. बाहेरचा द्रव सुमारे ८० मिलिव्होल्ट धन, पेशीचं पोट ऋण, त्यामुळे पंप न लावताच प्रवाह सुरू होतो.

मेंदूला खबर देतात त्या मुख्यतः आतल्या पेशी. मग बाहेरच्या बारा हजार काय करतात? नाचतात! विद्युतदाब बदलला की 'प्रेस्टिन' नावाच्या प्रथिनामुळे त्यांची लांबी सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होते आणि बारीक लाटेला झोके देऊन त्या ती मोठी करतात. या धडपडीचा आवाज उलट्या वाटेनं कानाबाहेरही येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केंप यांनी १९७८मध्ये तो मोजून दाखवला, आणि नवजात बाळांची श्रवणचाचणी आज अनेकदा त्यावरच होते.

या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत. कोंबडीच्या कानात येतात, आपल्या नाही. दाराजवळच्या आधी जातात, कारण घातक ऑक्सिजन-रेणूंना तोंड देण्याची त्यांची ताकद मुळातच कमी. प्रयोगशाळेच्या शांततेत म्हातारे झालेल्या प्राण्यांमध्ये कानाची 'बॅटरी', म्हणजे ते ८० मिलिव्होल्ट राखणारी ऊती, थकलेली दिसते. माणसांचे कान मृत्यूनंतर तपासून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र मुख्य नुकसान केसपेशींचंच दिसलं. हा फरक आपल्या गोंगाटी जगण्याकडे बोट दाखवतो.

त्यामुळे नैसर्गिक उपाय म्हणायचाच तर तो शांतता. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणासाठी तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरली १५ मिनिटं. ढोल पथकात मधोमध उभं राहणाऱ्यांनी हिशेब करावा आणि फोमचे बोळे घालावेत. कापसानं फारसं काही अडत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि विडी-सिगारेट आटोक्यात ठेवा, कॉक्लियाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. जेंटामायसिनसारखी काही औषधं केसपेशी मारतात, तेव्हा ती सुरू होण्याआधी डॉक्टरांना कानाचं जरूर विचारा. जिंको या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्यांचे पैसे वाचवा. कानात पिन, काडी घालू नका. मळ आपणहून बाहेर सरकतो. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र तेल-बिल बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

मावशीला शेवटी ऑडिओग्रामला, म्हणजे कोणता स्वर किती ऐकू येतो याचा आलेख काढायला नेलं. आलेख डावीकडे, खालच्या स्वरांना, सपाट; उजवीकडे, वरच्या स्वरांना, घाटातून उतरल्यासारखा. कानाचं मशीन घ्यायला ती अजून तयार नाही. घरात हळू बोललं तर "काय?" आणि आवाज चढवला की "ओरडतोस कशाला?" पूर्वी हा मला हट्टीपणा वाटायचा. पण त्या नाचऱ्या पेशी बारीक आवाजच तेवढे वाढवतात, मोठ्यांना हात लावत नाहीत. त्या गेल्या की 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यातली जागा अरुंद होते. म्हणून आता मी तिच्या समोर बसतो, टीव्ही बंद करतो आणि आवाज न चढवता सावकाश बोलतो.