क्लब कुणाचा? इंग्लिश फुटबॉलमधल्या चाहत्यांच्या रोषामागचा इतिहास

संघ सलग हरतोय, खालच्या विभागात घसरण्याची टांगती तलवार आहे, तरी मैदान भरलेलं. आणि त्याच भरलेल्या मैदानात मालकांनी चालतं व्हावं म्हणून घोषणा सुरू. इंग्लंडमध्ये हे दृश्य गेल्या तीसेक वर्षांत इतक्या ठिकाणी दिसलं आहे की त्याचं नवल उरलेलं नाही. एवढा राग आहे तर हे लोक मैदानात येतात तरी कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. पण ज्याचे आजोबा, वडील आणि आता मुलं एकाच स्टँडमध्ये बसत आली, त्याला शेजारचा क्लब बरा खेळतो म्हणून तिकडे जाता येत नाही. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. चाहत्याची निष्ठा हीच त्याची सगळ्यात भरवशाची मिळकत असते, आणि रागाचं मूळही तिथेच आहे.

एकेकाळी या मिळकतीला कुंपण होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश क्लब मर्यादित कंपन्या होऊ लागले, तेव्हा फुटबॉल असोसिएशनला, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या मध्यवर्ती संघटनेला, धास्ती वाटली की धंदेवाईक मंडळी खेळ पिळून काढतील. म्हणून नियम झाले. भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा आली, सुरुवातीला ती ५ टक्के होती. संचालकांनी पगार घ्यायचा नाही. क्लब गुंडाळला तर उरलेला पैसा मालकांच्या खिशात न जाता दुसऱ्या क्रीडासंस्थांकडे जाईल. पुढे ही तरतूद ‘नियम ३४’ म्हणून ओळखली गेली. क्लबच्या बोर्डावर बसणं हा गावात मान मिळवण्याचा मार्ग होता, पैसा मिळवण्याचा नव्हे.

त्या काळाला सुवर्णकाळ म्हणायला मी तयार नाही. त्याच मानकरी संचालकांनी मैदानं सडू दिली. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण गेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीने पुढे ९७ बळी घेतले. या माणसांचा गुन्हा एवढाच, की ते आपल्या संघाचा सामना बघायला आले होते. चाहत्याला गृहीत धरण्याची सवय परदेशी मालकांनी आणलेली नाही, हे विसरून चालणार नाही.

कुंपण मोडलं ते १९८० च्या दशकात. १९८१ मध्ये संचालकांना पगार घ्यायची मुभा मिळाली. १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने शेअर बाजारात पाऊल टाकलं. त्यासाठी क्लबच्या वर एक मुख्य कंपनी उभी केली. नियम ३४ क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नाही, आणि असोसिएशनने ही पळवाट चालू दिली. इतरांनी तोच मार्ग धरला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, टेलिव्हिजनचा पैसा वाहू लागला आणि क्लब ही विकत घेण्याजोगी, विकण्याजोगी वस्तू बनली.

याचा पहिला मोठा फटका बसला तो एका गरीब क्लबला. ब्रायटनच्या मालकांनी क्लबच्या घटनेतलं नफावाटपाला अटकाव करणारं कलम काढून टाकलं, आणि १९९५ मध्ये चाहत्यांना कळलं की १९०२ पासूनचं घर, गोल्डस्टोन मैदान, बिल्डरांना विकलं गेलं आहे. नवं मैदान ठरलेलंच नव्हतं. २७ एप्रिल १९९६ रोजी यॉर्क सिटीविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले आणि सामना सोळा मिनिटांत थांबला. पुढच्या मोसमात पुन्हा मैदानात घुसखोरी झाली म्हणून क्लबचे दोन गुण कापले गेले. हे मला फार बोचतं: घर मालकांनी विकलं आणि शिक्षा संघाला. ८ फेब्रुवारी १९९७ रोजी मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. देशभरातल्या, एरवी एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून गोल्डस्टोनवर आले आणि ब्रायटनच्या बाजूने ओरडले. ब्रायटनने हार्टलपूलला ५-० हरवलं. मोसमाच्या शेवटच्या दिवशी हेरफर्डमध्ये रॉबी राइनेल्टने मारलेल्या गोलमुळे १-१ बरोबरी झाली. दोन्ही संघांचे गुण सारखे होते, पण ब्रायटनचे एकूण गोल जास्त होते, तेवढ्यावर त्यांनी फुटबॉल लीगमधली, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांमधली, जागा राखली आणि हेरफर्ड बाहेर गेला. तरी घर गेलंच. पुढची दोन वर्षं ‘घरचे’ सामने शंभरेक किलोमीटर लांब जिलिंगहॅमला, मग विदडीनच्या अॅथलेटिक्स स्टेडियमवर. हक्काचं नवं मैदान मिळायला २०११ उजाडलं.

लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं तर गावच काढून घेतलं गेलं. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकणारा हा क्लब १९९१ पासून क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाड्याने खेळत होता. २८ मे २००२ रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. चाहत्यांनी काही दिवसांतच स्वतःचा क्लब काढला, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे चक्क सार्वजनिक माळावर, चाचण्या घेतल्या. सुरुवात अगदी तळाकडच्या विभागातून. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, परत आले. या साऱ्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

मँचेस्टर युनायटेडचं दुखणं वेगळं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा बोजा क्लबच्याच माथी मारला. त्याआधी क्लब कर्जमुक्त होता. काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. बाकीचे थांबले, आणि या प्रश्नावर घराघरांत दोन तट पडले. २०१० मध्ये क्लबचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड निषेधाच्या हिरव्या-सोनेरी स्कार्फनी भरलं. हे न्यूटन हीथचे, म्हणजे १९०२ मध्ये नाव बदलण्याआधीच्या क्लबचे रंग. पाहुण्या मिलान संघाकडून खेळायला आलेल्या, युनायटेडचा जुना खेळाडू असलेल्या डेव्हिड बेकहॅमनेही सामना संपल्यावर तो स्कार्फ गळ्यात घातला. पण तिकिटं विकली जातच राहिली, संघ जिंकतही होता, आणि मालक हलले नाहीत. संघ घसरला तेव्हा जुना राग दुप्पट होऊन वर आला. २ मे २०२१ रोजी आंदोलक मैदानात शिरल्याने लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २७ टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षाअखेर मोसमाच्या मध्यावर सदस्यांच्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड झाला, मुलांची आणि ज्येष्ठांची सवलतही गेली. तो मोसम संघाने पंधराव्या स्थानावर संपवला, १९७३-७४ नंतरची सर्वांत वाईट कामगिरी.

मग न जाणं हाच उपाय का? ब्लॅकपूलच्या चाहत्यांनी तो करून पाहिला. २०१०-११ चा एकच मोसम प्रीमियर लीगमध्ये काढून संघ गडगडला, आणि त्यातून आलेला पैसा मालकांच्या इतर कंपन्यांकडे वळल्याचं पुढे न्यायालयातही सिद्ध झालं. ‘एक पेनीही नाही’ म्हणत हजारो जण वर्षानुवर्षं घरच्या सामन्यांना गेले नाहीत. ज्या माणसाने एक सामना चुकवला नव्हता त्याने शनिवारी दुपारी मैदानाबाहेर उभं राहायचं, हा त्याग किती मोठा ते चाहत्यालाच कळेल. मालक ऑयस्टन कुटुंबाची सत्ता संपल्यावर ९ मार्च २०१९ रोजी साउथएंडविरुद्धच्या सामन्याला पंधरा हजारांहून अधिक लोक परतले. बरी नावाच्या क्लबला ते भाग्य लाभलं नाही. १८८५ मध्ये स्थापन झालेला हा क्लब २७ ऑगस्ट २०१९ रोजी लीगमधून काढला गेला.

जर्मनीत १९९८ पासून, मोजके अपवाद सोडता, क्लबच्या सभासदांकडे बहुमत ठेवणारा ‘५०+१’ नियम आहे. इंग्लंडला सरकारी हस्तक्षेपापर्यंत यायला बरीची आणि सुपर लीगची ठेच लागली. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लबांनी सुपर लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेत, जायचं जाहीर केलं आणि चाहते रस्त्यावर उतरताच दोन दिवसांत माघार घेतली. फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेणाऱ्या, तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी आला, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. आता वरच्या पाच विभागांतल्या क्लबांना स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. मैदान विकायला किंवा गाव सोडायला त्याची मंजुरी हवी. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. गोल्डस्टोन आणि प्लाऊ लेनच्या लोकांनी मागितलेलं बरंचसं यात आलं आहे. चुकीचा प्रशिक्षक, फसलेली खेळाडूखरेदी यांवर नियामक काही करू शकत नाही, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर वीस वर्षांपूर्वी चढलेलं कर्जही या कायद्याने उतरत नाही.