थंडीत स्टील गिटारची सहावी तार एवढी का चढते?

"थंड हवेत आवाज हळू जातो, म्हणून थंडीत सगळीच वाद्यं उतरतात" हे परत एकदा कुठेतरी वाचलं आणि राहवलं नाही. बासरीपुरतं ते बरोबर आहे, 20 डिग्रीला आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, शून्याला 331, आणि बासरीत हवाच कंप पावते म्हटल्यावर सूर उतरणारच. पण तारेचं हवेशी काय देणंघेणं? तिचा सूर ठरतो लांबी, ताण आणि वजन यांवर. थंडीत स्टील आकसतं, तार दोन्ही टोकांना पक्की बांधलेली, आकसायला जागाच नाही, मग ताण वाढतो आणि तार चढते. म्हणजे नेमकं उलट.

एवढं शाळेत झालेलं असतं. गंमत पुढे आहे, सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत.

पेडल स्टील घ्या, म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची स्टील गिटार, जिचं पेडल दाबलं की ठरावीक तारा ओढल्या जाऊन चढतात. तिची दहा तारांची 'ई-नाइन' नावाची ट्यूनिंग धरा. तिसरी आणि सहावी तार, दोन्ही जी शार्प, मध्ये एका सप्तकाचा फरक. वाजणारी लांबी धरा 61 सेंटिमीटर. पारा 10 डिग्रीने उतरला तर एवढ्या लांबीची स्टीलची तार मोकळी असती तर सुमारे 0.07 मिलिमीटर आखडली असती, दोन्ही तारांना हा आकडा तोच. पण तिसरी तार त्या सुराला आणताना आधीच जवळपास एक टक्का, म्हणजे 6 मिलिमीटर ताणलेली असते, आणि सहावी साधी (वरून बारीक तारेचे वेढे न गुंडाळलेली) असेल तर फक्त दीड मिलिमीटर. आता सहात 0.07 ची भर आणि दीडात 0.07 ची भर, फरक दिसला ना! तिसरीचा ताण एक टक्क्याच्या आसपास वाढतो, सहावीचा साडेचार टक्क्यांहून जास्त, आणि कंप्रता ताणाच्या वर्गमुळाने बदलत असल्यामुळे तिसरी साधारण 10 सेंट चढते तर सहावी 40 सेंट (अर्ध्या सुराचे 100 भाग केले की एक भाग म्हणजे सेंट). तारेची जाडी यात कुठेच येत नाही बरं का. जाड तारेला ताण जास्त लागतो, पण तो तेवढ्याच जास्त स्टीलवर वाटला जातो, त्यामुळे तार किती टक्के ताणली जाणार हे कंप्रतेच्या वर्गावर ठरतं, एक सप्तक खाली गेलं की चौपट कमी.

पेडलचंही गणित हेच. बी पेडल दाबलं की या दोन्ही तारा जी शार्पवरून ए वर जातात, त्यासाठी तिसरीला साधारण पाऊण मिलिमीटर ओढावं लागतं, सहावीला जेमतेम 0.19. म्हणजे पेडलला जी तार चटकन दाद देते तीच थंडीलाही देते. सहावी गुंडाळलेली लावली तर वेढ्यांनी वजन वाढतं पण ताण झेलते फक्त आतली तार, ती जास्त ताणली जाते आणि थंडीत कमी हलते, बदल्यात पेडलला जास्त अंतर ओढावं लागतं. यावर वाजवणाऱ्यांचे कायमचे दोन तट आहेत.

432 हर्ट्झला 'विश्वाचा सूर' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. 440 (वाद्यं लावताना ए सुराची नेहमीची कंप्रता) पासून 432 चं अंतर 32 सेंटचं, सहावी तार तेवढी 10 डिग्रीच्या आतच सरकते. विश्वाचं ठाऊक नाही, हीटर चालू-बंद केल्याने हे नक्की होतं.

बरं, वरचं सगळं बॉडी जागची हलत नाही असं धरून. प्रत्यक्षात बारीक तार काही सेकंदांत गार होते आणि बॉडीला बराच वेळ लागतो, म्हणून गार झुळूक आली की तारा चढतात, तुम्ही घाईने ट्यून करता आणि मग बॉडी आखडते की सगळं पुन्हा उतरतं. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने स्टीलच्या निम्म्याहूनही कमी आकसतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र जवळपास दुप्पट, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची बॉडी पूर्ण गार झाली की तारा उलट उतरलेल्या सापडतात. रिकनबॅकरची 1932 ची 'फ्राइंग पॅन' ही स्टील गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, स्टेजच्या दिव्यांखाली तापली की तिचा सूर हलायचा. 1935 मध्ये त्याच कंपनीने बॅकेलाइटचं मॉडेल काढलं.

स्टील गिटारला फ्रेट दाबायचे नसतात हा फायदा आहेच, सगळ्या तारा सारख्याच चढल्या तर बार किंचित मागे घेऊन भागतं. पण एक 10 सेंट आणि दुसरी 40 सेंट चढलेली असताना बार कुठेही ठेवा, कॉर्ड आंबटच लागणार. गिटार गार जागेत निदान अर्धा तास राहू द्या, मग ट्यून करा, आणि सहावी सगळ्यात शेवटी परत एकदा तपासा.

बार पाव किलोच्या आसपासचा भरीव स्टीलचा, बोटांची ऊब शोषून घेतो, तो खिशात ठेवा. आणि गारठलेली गिटार उबदार खोलीत आणल्या आणल्या केस उघडू नका, दमट हवा गार धातूला लागली की पाणी धरतं. तारा फडक्याने पुसता येतात, चेंजरच्या (पेडल दाबल्यावर तारा ओढणाऱ्या यंत्रणेच्या) सांध्यांत शिरलेलं पाणी नाही.