चंद्राला खळं, पण रडारचं चित्र कोरं

गारपिटीची धास्ती लागली की वरुड-काटोलकडच्या संत्रा बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र फिरू लागतं. मग कुणीतरी विचारतंच, 'चंद्राला एवढं खळं पडलं, म्हणजे वर ढग आहेत. मग चित्र कोरं कसं? रडार बंद पडलं का?'

रडार चालूच असतं. खळं पडतं ते खूप उंचावरच्या, बर्फाच्या बारीक स्फटिकांच्या पातळ ढगांमुळे. नागपूरच्या रडारची लहर सुमारे १० सेंटीमीटर लांब, पाऊस आणि गारा टिपण्यासाठी निवडलेली. एवढ्या बारीक स्फटिकांकडून तिला जवळजवळ काहीच परत येत नाही.

असे ढग अभ्यासायला दोन यंत्रं वापरतात, आणि त्यांचीच गल्लत होते: ढगांचं रडार आणि लायडार. दोघांची रीत एकच. लहर सोडायची, परत किती आली ते मोजायचं, किती वेळाने आली त्यावरून अंतर काढायचं. पण रडारची लहर रेडिओची, ढगांसाठी साधारण ३ मिलिमीटरची. लायडारचा लेसर, म्हणजे प्रकाश.

खरी मेख इथे आहे. स्फटिकाचा व्यास दुप्पट झाला तर लायडारकडे परतणारा प्रकाश साधारण चौपट होतो, रडारकडे परतणारी लहर मात्र ६४ पट. म्हणजे १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकच कण रडारला १० मायक्रॉनच्या १० लाख कणांइतका वाटतो. लायडारला फक्त १०० कणांइतका. हा हिशेब गोल कणांचा आहे, स्फटिक वेडेवाकडे असतात, तरी कल येतो लक्षात. विरळ, बारीक स्फटिकांचा ढग रडारच्या नजरेतून निसटतो, लायडारच्या नाही.

मग लायडारच का नको? दाट धुक्यात बॅटरी मारून पाहा. उजेड समोरच विखुरतो, पुढचं काही दिसत नाही. पावसाळ्यातल्या गडगडाटी ढगाकडे उपग्रहावरून पाहताना लायडारला वरचा थरच दिसतो. रडार खोलवर जातं, अर्थात मुसळधार पावसात तेही मंदावतं.

ढगाच्या ज्या थरात दोघांनाही काही दिसतं, तिथे दोन्ही आकड्यांची सांगड घालून कणांचा आकार काढता येतो. म्हणूनच रडारवाला क्लाउडसॅट आणि लायडारवाला कॅलिप्सो हे उपग्रह २८ एप्रिल २००६ रोजी एकाच रॉकेटवरून गेले आणि एकामागोमाग फिरले. मे २०२४ मध्ये गेलेल्या युरोप-जपानच्या अर्थकेअर उपग्रहावर दोन्ही यंत्रं एकत्रच आहेत. त्याचं रडार डॉप्लर असल्याने स्फटिक किती वेगाने खाली येताहेत तेही मोजतं. पातळ बर्फाळ ढग जमिनीची उष्णता अडवतात. ते किती काळ टिकणार, हे याच वेगावर बरंचसं ठरतं.