जर्मन शहरांतल्या भाड्याच्या बागा: एवढी जमीन वाचली कशी, थोडी पार्श्वभूमी

बर्लिन, लाइपझिग, हांबुर्ग, कुठल्याही मोठ्या जर्मन शहरात ट्रेन शिरायला लागली की रुळांच्या कडेला ओळीनं बारक्या बारक्या बागा दिसतात, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं, सफरचंदाचं झाड, पाण्याचं पिंप, आणि आपल्याकडून नवीन आलेल्या बऱ्याच जणांना आधी वाटतं की ही इथली झोपडपट्टी असणार. तसं नाहीये. या भाड्याच्या बागा, इथे क्लाइनगार्टन म्हणतात, म्हणजे घर दुसरीकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये आणि बाग इथे. एकट्या बर्लिनमध्ये अशा ७० हजारांच्या आसपास बागा आहेत, शहराच्या एकूण जागेच्या जवळपास ३ टक्के. जिथे रिकाम्या प्लॉटवर बिल्डरची नजर असते अशा शहरात एवढी जमीन बटाटे आणि घेवडा लावायला कशी राहिली हा मला खरा इंटरेस्टिंग प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर लोकांच्या बागकामाच्या हौसेत कमी आणि कायद्यात जास्त सापडतं.

सुरुवात गरिबांसाठीच्या बागांपासून झाली. उत्तरेत कापेलन गावात १८१४ च्या सुमारास आणि मग कीलमध्ये १८३० च्या दशकात गरीब कुटुंबांना भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे दिले गेले, हेतू सरळ होता, लोकांनी स्वतःचं पिकवून खावं आणि दानधर्मावरचा बोजा कमी व्हावा. लाइपझिगची गोष्ट वेगळी. तिथे १८६४ मध्ये एर्न्स्ट हाउशिल्ड नावाच्या हेडमास्तरांनी पालकांची एक संस्था काढली आणि तिला डॉ. मोरित्झ श्रेबर यांचं नाव दिलं. हे डॉक्टर मुलांनी मोकळ्या हवेत व्यायाम करावा म्हणून झटायचे, पण ते १८६१ मध्येच वारलेले, त्यामुळे आज ज्यांना सगळे श्रेबरगार्टन म्हणतात त्यातली एकही बाग त्यांनी स्वतः पाहिली नाही. संस्थेनं केलं होतं ते खेळाचं मैदान. मग गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे करून दिले, मुलं मुलंच, थोड्या दिवसांत कंटाळली, तण माजलं, आणि आईवडलांनी वाफे ताब्यात घेतले, कुंपणं घातली, खोपटी बांधली. त्या संस्थेच्या जुन्या इमारतीत आता या बागांचं म्युझियम आहे, लाइपझिगला गेलात तर नक्की बघा.

बर्लिनमध्ये मात्र हे कुणा हेडमास्तरांमुळे झालं नाही, ते घरांच्या टंचाईतून झालं. १८७१ नंतर शहर राजधानी झालं, कारखाने आले, आणि कामगारांसाठी त्या कुप्रसिद्ध भाड्याच्या चाळवजा इमारती उठल्या, एकामागे एक अंगणं, आणि नियम इतकाच की अंगण किमान ५.३४ मीटर लांब-रुंद हवं, कारण आगीचा पंप तेवढ्यात वळवता यायचा. उजेडाचा, हवेचा हिशोब त्यात कुठेच नव्हता. अशा खोल्यांतून बाहेर पडून लोक शहराच्या कडेच्या, रेल्वेलगतच्या पडीक जमिनींवर बागा करू लागले. पण जमीन थेट मिळायची नाही, मध्ये एक ठेकेदार असायचा, तो मालकाकडून सगळा पट्टा घ्यायचा आणि तुकडे पाडून चढ्या दरानं द्यायचा, वर त्याचा तिथेच गुत्ता, आणि बाग टिकवायची तर त्याच्याकडचीच दारू घ्यायची असा दबाव. आणि मालकाला बांधकाम करायचं ठरलं की लावलेलं पीक, झाडं, खोपटं सगळं सोडून निघायचं. झाड लावलं तर ते फळायला वर्षं लागतात, पुढच्या वर्षाची खात्री नसलेला माणूस झाड लावेल कशाला?

हे बदललं पहिल्या महायुद्धामुळे. १९१६-१७ च्या हिवाळ्यात शहरांमध्ये बटाटेसुद्धा मिळेनात, लोकांनी शलजम खाऊन दिवस काढले, आणि तेव्हा सरकारला पटलं की या बागा म्हणजे चैन नाही. त्यातून ३१ जुलै १९१९ चा कायदा आला . दोनच गोष्टी, पण फार मोठ्या: मनमानी भाडं लावायचं नाही, आणि मनात आलं म्हणून बाग खाली करून घ्यायची नाही. माझ्या मते आजचा सगळा डोलारा या दोन गोष्टींवर उभा आहे. १९२१ मध्ये देशभरातल्या बागवाल्यांच्या संस्था एका राष्ट्रीय संघटनेत एकत्र आल्या.

नाझी काळात या संस्थांमधून ज्यूंना बाहेर काढलं गेलं, हेही सांगायलाच हवं. आणि त्याच बर्लिनमधल्या एका बागवसाहतीत बायकांनी हान्स रोझेनथाल नावाच्या ज्यू मुलाला खोपटात लपवून १९४५ पर्यंत जगवलं, पुढे तो जर्मन टीव्हीवरचा खूप लाडका निवेदक झाला. बॉम्बिंगमध्ये घरं गेलेली कितीतरी कुटुंबं युद्धानंतर याच खोपटांत राहिली.

पश्चिम जर्मनीत मग जमिनीचे भाव वाढले आणि मालक कोर्टात गेले. १९७९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की मालकाला जमीन जवळजवळ कधीच परत घेता येऊ नये एवढी बंधनं घालणं योग्य नाही. इथे सगळं संपू शकलं असतं. त्याऐवजी १९८३ मध्ये नवा केंद्रीय कायदा आला आणि तो मला खरंच हुशारीनं केलेला वाटतो. बाग साधारण ४०० चौरस मीटरच्या आत, खोपटं ओसरीसकट जास्तीत जास्त २४ चौरस मीटर आणि कायम राहण्यासारखं नाही, भाडं त्या भागातल्या फळ-भाजीच्या शेतजमिनीच्या भाडेदराच्या चौपटीपेक्षा जास्त नाही (सुरुवातीला ही मर्यादा दुपटीची होती, १९९४ मध्ये ती चौपट झाली). म्हणजे भाडं शहरातल्या जमिनीच्या भावाशी बांधलेलंच नाही, म्हणून कामगाराला, पेन्शनवाल्याला परवडतं. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या कोर्टानं हेही पक्कं केलं की साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच, नुसती हिरवळ आणि आरामखुर्च्या चालणार नाहीत. नवीन लोक या अटीवर कुरकुर करतात, पण ती अट काढली तर स्वस्त भाड्याला आधारच उरत नाही.

प्लॅनिंगच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. शहराच्या प्लॅनमध्ये, म्हणजे आपल्या डीपीत, विकास आराखड्यात, आरक्षण पडतं तसं, एखादी जागा कायमची बाग म्हणून दाखवली असेल आणि नंतर ती दुसऱ्या कामासाठी घेतली, तर पालिकेनं बदली जमीन द्यायची असते, फक्त देणं खरंच शक्य नसेल तरच सूट. ज्या जागेवर असा शिक्का नाही तिचं काय होतं ते बर्लिनच्या श्मारगेनडॉर्फमध्ये दिसलं. तिथल्या ओयनहाउझन बागवसाहतीची बरीचशी जमीन पोस्टाची होती, ती विकली गेली, मे २०१४ मध्ये त्या प्रभागातल्या मतदारांनी मतदान करून तीन चतुर्थांशांहून जास्त मतांनी वसाहत वाचवा म्हणून कौल दिला, तरी शेवटी तडजोडीत निम्मी वसाहत इमारतींखाली गेली. एवढं मोठं बहुमत आणि तरी निम्मंच वाचलं, कारण प्लॅनमध्ये वेळेत नोंद झालेली नव्हती.

आता शहरांत घरांची परत टंचाई आहे आणि दुसरीकडे बागांच्या वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांच्या, त्यात आपली मराठी कुटुंबंही आहेत, मेथी आणि कोथिंबिरीसाठी जागा शोधणारी. ४०० चौरस मीटरच्या बागेचे दोन भाग करावेत, नव्या बागा छोट्याच आखाव्यात अशी चर्चा ठिकठिकाणी चालू असते. जुन्या सभासदांना ते आवडत नाही हे समजू शकते, तीस-तीस वर्षांची झाडं आहेत त्यांची, पण जुना सभासद बाग सोडतो त्या वेळी ती विभागली तर कुणाचंच काही हिसकावलं जात नाही आणि एकाच्या जागी दोन कुटुंबांची सोय होते, म्हणून मी तरी त्या बाजूचीच.