दोन दिवसांचा कोर्स आणि थेरपिस्टची पाटी

कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरताना, शाळेच्या फाटकाशी आया भेटल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बाळाचे रिफ्लेक्स गेले नाहीत म्हणून ते बोलत नाही. रिफ्लेक्स इंटिग्रेशनचा कोर्स कर, ऑटिझम जाईल.’ रिफ्लेक्स म्हणजे बाळाच्या जन्मजात, आपोआप होणाऱ्या हालचाली; त्या व्यायामाने घालवायला शिकवणारा हा दोन दिवसांचा कोर्स. पण त्याने ऑटिझम जातो, हे खरं नाही.

बाळ दचकून हात पसरतं, तो मोरो रिफ्लेक्स. साधारण चार ते सहा महिन्यांत तो मावळतो; तळहाताची पकडही तशीच. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडतो त्या स्थितीत, हे रिफ्लेक्स रेंगाळतात, म्हणून डॉक्टर ते तपासतात. पण ती मेंदूच्या वाढीची खूण आहे, ऑटिझमचं कारण नव्हे. रिफ्लेक्सचे व्यायाम केल्याने ऑटिझम बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही.

कोर्समधून आईबाप मुलाला हाताळायला, त्याच्याशी खेळायला शिकत असतील तर चांगलंच. कोर्सच्या प्रमाणपत्राने मात्र कुणी थेरपिस्ट होत नाही. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. तो नोंदणी क्रमांक विचारा, संकोच नको. आणि शंका आली की आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, गेलात तरी चालेल, पण कोर्सच्या तारखेची वाट बघत महिने घालवू नका. लहान वयातले ते महिने फार मोलाचे असतात.